बारा पांढरे तुकडे

१

बरणी रिकामी होती. गोष्ट एवढीच, पण ती सांगण्यात अंबाजोगाईच्या बालाघाट अस्थिसंशोधन केंद्राने सोमवारची अख्खी सकाळ घालवली होती. दुपारी निवृत्त फौजदार बद्रीनाथ तिथे येऊन टेकले, तेव्हा तीच गोष्ट त्यांना पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागली. दोन जिने चढून त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी लोक चोर शोधायला बोलावतात, याचा त्यांना पूर्वी अभिमान वाटायचा. आता नुसता कंटाळा येई.

"पोलिसांत जायचं नाही, बद्री," केंद्राचे प्रमुख डॉक्टर मोहनराव म्हणाले. हाडांचे डॉक्टर, आणि बद्रीनाथांचे शाळेपासूनचे मित्र. "गुरुवारी पुण्याची समिती येतेय. चोरीचं त्यांच्या कानावर गेलं तर आमचं दुकान बंद. तूच बघ काय ते, गुपचूप."

"गेलंय काय ते तर सांग. सोनं?"

"अंड्याची टरफलं," मोहनराव म्हणाले. एरवी ते या वाक्यावर हसले असते.

उरलेलं वर्षाराणीने सांगितलं. केजची मुलगी, तिशीच्या आतली, डोळ्यांखाली काळं पडलेलं. चार वर्षं ती या एकाच कामाच्या मागे होती. स्टँडवरच्या आम्लेटच्या गाड्यांवरून टरफलं आणायची, धुवायची, भट्टीत भाजायची, त्यात फॉस्फरसचं आम्ल मिसळून हाडात असतो तसला क्षार तयार करायचा. मग त्या क्षाराच्या दाट कालवणात स्पंजच्या गोल कांड्या बुडवून पुन्हा भट्टीत घालायच्या. स्पंज जळून जातो आणि त्याची भोकं तेवढी मागे राहतात. हाती येते ती बोटाच्या पेराएवढी पांढरी, हलकी, भोकाभोकांची कांडी. केंद्रात तिला स्कॅफोल्ड म्हणत.

"अपघातात हाडाचा तुकडाच गेला, तर त्या जागी हे बसवायचं," वर्षाराणी म्हणाली. "कारल्याच्या वेलाला मांडव घालतो ना काका, तसं. हाडाच्या पेशी या भोकांतून चढत जातात, माणसाचं स्वतःचं हाड तयार होतं, आणि मांडव हळूहळू विरघळून जातो. आजवर शेकडो केले. कुठे ना कुठे फुटायचेच. हे बारा पहिल्यांदा जमले. गुरुवारी समिती त्यांच्यावर भार देऊन बघणार. टिकले तर शेळ्यांवरच्या प्रयोगाला परवानगी. नाही तर प्रकल्प बंद, तसं पत्रच आलंय."

"पुन्हा करता येणार न्हाईत?"

"एका खेपेला पाच आठवडे लागतात."

"आन बाराच्या बारा पायजेत?"

"निदान चार तरी. चाराच्या आत असतील तर ते हातसुद्धा लावणार नाहीत."

बद्रीनाथांनी खोली पाहिली. कुलूप शाबूत होतं, खिडक्यांना गज होते, महागडी यंत्रं जागच्या जागी होती. काचेच्या बरणीत जाळी रिकामी, आणि जाळीखाली दमट हवा शोषणारे निळे खडे, तेही आता गुलाबीकडे झुकलेले. शेजारी वर्षाराणीची वही पडली होती. चार वर्षांची सगळी कृती तिच्यात होती आणि तिला कुणी बोटही लावलं नव्हतं.

हे काही बद्रीनाथांना पटेना. कृती सोडून नुसते तुकडे नेणारा चोर त्यांनी पाहिला नव्हता.

किल्ल्या तिघांकडे होत्या. मोहनराव, वर्षाराणी आणि तंत्रज्ञ बजरंग. दारावरचा वॉचमन सिदू म्हणाला, शनिवारी संध्याकाळी कुलूप लागल्यापासून सोमवार सकाळपर्यंत एकच माणूस आत गेलता.

"कोण?"

सिदूने डॉक्टर मोहनरावांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

२

"सायेब रविवारी दुपारी आलते," बाहेर आल्यावर सिदू हळूच म्हणाला. "हातात फुगलेली पिशवी. चार वाजता गेलते. म्या म्हन्लं, आपल्याला काय करायचंय."

मित्राची चौकशी करायची म्हणजे नको ते काम. बद्रीनाथांनी दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं. मोहनराव आधी लाल झाले, मग उठले आणि कपाटातून पिशवी काढून टेबलावर ठेवली. पिशवीत उशी होती आणि एक चादर.

"मुलीच्या सासरची आठ माणसं आलीयत घरी," ते म्हणाले. "पंधरा दिवस झाले. हॉलमध्ये टीव्ही, आतल्या खोलीत पत्ते. रविवारी दोन तास पडायला जागा नाही रे मला. इथे तपासणीच्या टेबलावर झोपतो. बायकोला सांगू नकोस."

बद्रीनाथांनी त्या टेबलाकडे पाहिलं. त्यांनाही जरा पडावंसं वाटलं.

मग वर्षाराणीची पाळी. तिच्याबद्दल केंद्रात एक कुजबुज होती, आणि ती तिच्या कानावर घालणं भाग होतं.

"लोक म्हनत्यात, तुकडे जमलेच नव्हते. समितीपुढं फजिती नको म्हनून तूच लपवलेस."

तिने रागावायला पाहिजे होतं. पण ती नुसती खुर्चीत मागे टेकली.

"तसं असतं तर बरं झालं असतं काका. निदान कुठे आहेत ते मला माहीत असतं."

शनिवारी पाच वाजता वीज गेली, ती सांगू लागली. बजरंग लगेच घरी गेला. ती स्वतः बाहेरच्या खोलीत बसून अहवाल लिहीत होती, लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत. आत फक्त मंगल होती, झाडलोट करणारी बाई. सहाला मंगल नेहमीसारखी कचऱ्याची बादली घेऊन तिच्यासमोरून गेली, आणि मग वर्षाराणीने कुलूप घातलं.

"मंगल बरणी उघडती का?"

"कधीच नाही. बरणीला हात लावायचा नाही हे तिला पहिल्या दिवशी सांगितलंय. तिचं काम म्हणजे फरशी, मोरी, भांडी आणि कचरा."

"आन बजरंग कसा माणूस हाय?"

वर्षाराणी खिडकीबाहेर बघू लागली. "आम्ही बोलत नाही. बारा दिवस झाले. त्याने भट्टीचं तापमान चुकवलं, मी चारचौघांत बोलले. तेव्हापासून काही सांगायचं असलं की चिठ्ठी ठेवतो एकमेकांना."

दोन माणसं, एक खोली, आणि मध्ये चिठ्ठ्या. बद्रीनाथांनी उसासा सोडला. नवरा-बायकोची असली भांडणं त्यांनी ठाण्यात पुष्कळ मिटवली होती, पण तिथे निदान कुणाच्या प्रयोगाचा प्रश्न नसे.

बजरंग जेवायला गेला होता. त्याच्या टेबलाचा वरचा खण उघडाच होता. बद्रीनाथांनी तो ओढला. आत कागदात बांधलेलं काहीतरी होतं, आणि त्यावर रबर लावून नीट ठेवलेल्या बारा छोट्या प्लॅस्टिकच्या पुड्या. प्रत्येक पुडीवर वर्षाराणीच्या अक्षरात आकडा होता, एक ते बारा. बाराही रिकाम्या होत्या.

३

"म्या चोर न्हाई," बजरंग दारातूनच म्हणाला. पुड्या टेबलावर मांडलेल्या आणि भोवती मोहनराव, वर्षाराणी, सिदू उभे असलेले त्याला दिसले होते.

"मी कुठं म्हन्लं? बस." बद्रीनाथांनी त्याला खुर्ची दाखवली. "चोर आसता तर पुड्यांसकट घेऊन गेला आसतास. पुड्या कोन जपून ठेवतं? ज्याला तुकडे परत त्यातच घालायचेत त्यो. म्हंजी तू काढलेस ते ठेवाय. कावून काढलेस, तेवढं सांग."

बजरंगने घाम पुसला. मग एकदा बोलायला लागला तो थांबेना.

भादव्याची हवा लई दमट. बरणीतले खडे गुलाबी पडायला लागलेले. म्हणजे तुकड्यांनी ओल धरली, आणि ओल धरलेला तुकडा भार दिला की फुटतो. शनिवारी दुपारी त्याला वाटलं, तास-दोन तास ओव्हनमध्ये वाळवून ठेवावेत. प्लॅस्टिक वितळणार म्हणून पुड्या काढल्या. ओव्हनमध्ये मावेल असा स्टीलचा डबा एकच होता, फुटक्या, बाद तुकड्यांचा. त्यातले बाद तुकडे त्याने कागदात बांधून खणात टाकले, डबा पुसला आणि चांगले बारा त्यात मांडले. तेवढ्यात लाईट गेली.

"मग?"

"मग झाकन लावलं आन डबा वट्ट्यावर ठेवला, नेहमीच्या जागी. म्हन्लं, सोमवारी वाळवू."

"मॅडमला सांगितलंस?"

"बोलनं बंद हाय."

"चिठ्ठी?"

"लिवनार व्हतो," बजरंग म्हणाला. "कंटाळा केला सायेब. सोमवारी आलो तर डबा धुऊन पालथा घातलेला, आन मॅडम बरणीपाशी रडायलेल्या. माज्या तोंडातून शब्दच फुटंना."

"त्या डब्यातलं दर शनिवारी कोन टाकतं?"

"मंगल."

क्षणभर खोलीत सगळ्यांनाच हायसं वाटलं. चोर नव्हता, दरोडा नव्हता. बाद तुकड्यांच्या डब्यातला माल मंगलने नेहमीप्रमाणे कचऱ्यात टाकला होता. वर्षाराणी अनवाणीच जिना उतरली. मागोमाग बजरंग, सिदू, मोहनराव, आणि सगळ्यांत शेवटी एकेक पायरी मोजत बद्रीनाथ.

केंद्रामागे पडक्या भिंतीला लागून कचऱ्याचा ढीग होता. आधीच्या शनिवारचे बाद तुकडे त्यात पडलेले होते, मळलेले, चावलेले. "कुत्री हाडूक समजून उचलत्यात," सिदू म्हणाला, "चावत्यात आन टाकून देत्यात." वर्षाराणीने एकेक उचलून पाहिला. सगळे जुने, तडकलेले. या शनिवारची पिशवी वरच पडली होती, तोंडाला गाठ तशीच. बद्रीनाथांनी ती सोडून जमिनीवर पालथी केली. हातमोजे, कापूस, चहाचे कागदी कप, शनिवारचं वर्तमानपत्र.

तुकडा एकही नव्हता.

"सगळं टाकलं," बद्रीनाथ म्हणाले, "आन तेवढंच न्हाई टाकलं."

४

मंगल सोमवारी लवकर घरी गेली होती, म्हणून तिची गाठ मंगळवारी पडली. तिशीची, वाळलेली बाई. हातावर कोयत्याचे जुने वण. दारातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"शनिवारी स्टीलचा डबा तू धुतलास?"

"व्हय."

"त्यातलं काय केलंस?"

"टाकलं."

"कुठं?"

"रोजच्या जागी." हे म्हणताना तिने वर्षाराणीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

खोटं समोर आलं की बद्रीनाथ त्याला लगेच धक्का लावत नसत. नोकरीत असतानाची सवय. एका खोट्याला थोडा वेळ दिला की त्याच्या शेजारचं खरं आपोआप बाहेर येतं.

"बरं. जा मग."

ती गेली नाही. "डाक्टरसायेब, उद्या सुट्टी पायजे व्हती. सासूला गंगंला न्यायचंय, राक्षसभुवनला."

गोदावरीला इकडे सगळे गंगाच म्हणतात. मोहनरावांनी विचारलं, "आजारी आहेत का?"

"आजार न्हाई, हट्ट हाय. आठ महिनं झालं, एकाच येळंला जेवती. तेबी कसंबसं. शनिवारपास्नं जरा जेवाय लागली." एवढं बोलून ती गप्प झाली, जास्त बोललो असं वाटून असेल, आणि निघून गेली.

बद्रीनाथ उठून मागच्या मोरीत गेले. मंगलने शनिवारी डबा इथेच धुतला होता. शहाबादी फरशीच्या फटींत काहीतरी पांढरं बसलं होतं. बोटाने खरवडून त्यांनी ते चोळून पाहिलं. चुना नव्हता, साबणही नव्हता.

"बाद तुकड्यांतला एक दे गं," त्यांनी वर्षाराणीला सांगितलं.

तिने बजरंगच्या खणातून एक आणून त्यांच्या तळहातावर ठेवला. गोल कांडी, दोन्ही टोकं सुरीने कापल्यासारखी सपाट. बद्रीनाथांनी एक टोक फरशीवर घासलं. तसलीच पांढरी पूड पडली. त्यांनी आणखी घासलं. कड गेली, टोक वेडंवाकडं झालं. मोडायचं असतं तर एका फटक्यात मोडलं असतं. विकायचं असतं तर असं कुणी खराब केलं नसतं. हे करणाऱ्याला तुकडा हवा होता, फक्त तो कारखान्यातून आल्यासारखा दिसायला नको होता.

मग कशासारखा दिसायला हवा होता?

त्यांनी घासलेला तुकडा तळहातावर उलटा केला. हलका, पांढरा, भोकाभोकांचा. आणि त्यांना एकदम आठवलं. दोन वर्षांपूर्वी, तिसऱ्या दिवशी सकाळी, ते स्मशानात खाली वाकले होते. बायकोची, छबूची राख गार झाली होती. भटजी सांगत होते तसं ते एकेक उचलून दुधात टाकत होते, आणि हाताला लागलं होतं ते असंच होतं, इतकंच हलकं.

ते मोरीच्या कठड्यावर बसले.

"काका, काय झालं?" वर्षाराणी घाबरली. "कळलं का कुठे आहेत?"

"व्हय," बद्रीनाथ म्हणाले. "झाडाला बांधलेत."

५

"चोरी झालीच न्हाई," मोहनरावांच्या खोलीत बसल्यावर त्यांनी सुरुवात केली. बोलायचा कंटाळा आला होता, पण सांगितल्याशिवाय कुणी उठू देणार नव्हतं. "मोहन, मंगलचा नवरा कसा गेला?"

मोहनरावांना माहीत होतं. त्यांनीच तिला कामावर ठेवलं होतं. नवरा रामेश्वर, जोडीने ऊसतोडीला जायचे. यंदा जानेवारीत कर्नाटकात फडातच छातीत कळ आली आणि संपला. टोळीने तिथेच ओढ्याकाठी अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी मंगल राख सावडायला गेली, तर रात्रीतून कालव्याचं पाणी ओढ्याला सोडलेलं. काहीच उरलं नव्हतं.

"म्हंजी हाडं गंगंला गेली न्हाईत," बद्रीनाथ म्हणाले. "आन आता आठ दिवसांवर पितरांचा पंधरवडा. म्हातारीचा हट्ट त्योच. लेकाची हाडं आना, त्याशिवाय त्याला वाट सापडत न्हाई. जी हाडं न्हाईतच, ती सून कुठनं आननार? पन दर शनिवारी ती काय टाकती? भट्टीतून जळून निघालेलं, पांढरं, भोकाचं. कुत्रीसुद्धा फसत्यात त्याला."

वर्षाराणीने दारातून मोरीकडे पाहिलं.

"तिनं शनिवारी कचराच उचलला. तिच्या लेखी त्यो कचराच व्हता. बादच्या डब्यात चांगले तुकडे ठेवलेत हे तिला ठावं न्हवतं, कारन ते वर्षाराणीलाच ठावं न्हवतं. गोल कांडी हाडासारखी दिसत न्हाई म्हनून मोरीत टोकं घासली. हाडं घरात नेत न्हाईत, म्हनून पुरचुंडी दारातल्या झाडाला बांधली असंल. सासूला सांगितलं असंल, मुकादमानं जपून ठिवलती, आता धाडली. म्हातारी त्या रात्री जेवली. सोमवारी हितं आली तवा मंगलला कळलं, आपन काय नेलं ते."

"मग तेव्हाच सांगायचं ना," वर्षाराणी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माझी चार वर्षं आहेत त्यात."

"सांगून काय करायचं व्हतं तिनं? जेवलेल्या म्हातारीला सांगायचं, की ही अंड्याची टरफलं हायेत?"

वर्षाराणीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. थोड्या वेळाने हात काढले तेव्हा ती हिशेबाचंच बोलली. "बाराही घासले असतील?"

"ते मंगलच सांगंल. उद्या सकाळच्या गाडीनं ती निघनार. त्याच्या आधी पोचाय पायजे."

ती उठली आणि बाहेर गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"बजरंग, तुझ्या खणातले बाद तुकडे दे. आणि पॉलिश पेपर असेल तर तोही."

"कशाला मॅडम?" तेरा दिवसांनी बजरंग तिच्याशी बोलला.

"आपण दोघं बसून घासू या."

६

बुधवारी सकाळी वर्षाराणीच्या स्कूटीवर मागे बसून बद्रीनाथ केजच्या रस्त्याला लागले. प्रत्येक खड्ड्याला गुडघा कळवळत होता. मंगलचं गाव मुख्य रस्त्यापासून दीड-दोन कोस आत. पत्र्याचं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला बाभूळ. बाभळीच्या खालच्या फांदीला पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी लटकत होती आणि तिच्या खाली पोत्यावर एक म्हातारी बसली होती. नेसूचं लुगडं धुतलेलं, शेजारी पिशवी भरलेली.

मंगल घरातून बाहेर आली आणि त्यांना बघून जागीच थांबली. वर्षाराणीने तिला घराच्या कडेला नेलं. बद्रीनाथ जवळच उभे राहिले.

"किती घासलेस?"

"सात," मंगल पुटपुटली. "तुमी हाक मारली, बंद करायचंय म्हनून. पाच तशेच राहिले. ताई, मला वाटलं बादच हायेत. देवाशप्पथ. सोमवारी तुमाला रडताना बगितलं आन..." तिने घराच्या भिंतीला हात टेकला. "टरफलं गंगंत सोडायची म्हंजी पाप, ते तर माज्या डोक्यावर हायच. त्यात तुमचंबी नुसकान."

"पाच पुरे मला," वर्षाराणी म्हणाली. तिने पर्समधून कागद काढला. त्यात टोकं घासलेले पाच बाद तुकडे होते. "हे त्यात घाल. पाच मला दे. आकडा बाराच राहील. पण आजींना न कळता झालं पाहिजे."

मंगलने डोळे पुसले, अंगणात गेली आणि म्हणाली, "आत्या, पुरचुंडी द्या. हळद-कुंकू वाहून नव्या फडक्यात बांधते."

"घे," म्हातारी म्हणाली.

मंगल पुरचुंडी सोडून घराच्या मागे गेली, वर्षाराणीही गेली. म्हातारीचं लक्ष दुसरीकडे ठेवण्याचं काम बद्रीनाथांकडे होतं. ते कसेबसे पोत्याच्या टोकाला बसले. म्हातारीच्या, म्हणजे चंद्रभागाबाईंच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, बुबुळं दुधाळ झाली होती.

"कोन पाव्हनं?"

"मी बद्रीनाथ. फौजदार व्हतो. मंगल काम करती, तिथून आलोय."

"ते न्यायला आलाव," चंद्रभागाबाई शांतपणे म्हणाल्या.

बद्रीनाथांनी घराच्या मागच्या बाजूला नजर टाकली.

"डोळं गेलं बाबा, बोटं न्हाई गेली. म्या मालकाची सावडली, दोन दिरांची सावडली. जळलेल्या मानसाचं एक हाड दुसऱ्यावानी नसतंय. ही बाराबी एका मापाची. घासली तरी माप कुठं जातंय?" त्यांनी हवेतच बोटांनी एक पेर मोजून दाखवलं. "शनिवारीच कळलं मला. हातात घेतल्या घेतल्या."

तेहतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे कळायला दोन दिवस आणि एक मोरी लागली होती. बद्रीनाथांना हसू येणार होतं, पण ते आलं नाही.

"मग जेवलाव कावून?"

"आठ महिनं म्या त्या पोरीचा जीव खाल्ला. हाडं आन, हाडं आन. कुठनं आननार व्हती? नवरा तिचाबी गेलाय की. माज्यापायी तिनं कुठनं काय गोळा केलं, कशी घासत बसली आसंल. ते हातात आलं आन मला माजीच लाज वाटली. म्हन्लं, आता जेवाय पायजे." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तिला सांगू नका. मला कळलं न्हाई आसंच वाटू द्या. न्हाईतर पुन्ना दुसरं काय तरी शोधत बसंल."

"न्हाई सांगत."

"कुनाचं काम आडलं आसंल तर खुशाल न्या. गंगंला आमी मोकळ्या हातानं बी गेलो तरी चालतंय. मी रामेश्वरचं नाव घेऊन पानी सोडीन."

"तसं करायची गरज न्हाई," बद्रीनाथ म्हणाले. "बाराचे बाराच राहत्याल."

मंगलने नवी पुरचुंडी आणून सासूच्या हातात दिली. चंद्रभागाबाईंनी फडक्यावरूनच बोटं फिरवली. एका जागी बोटं थांबली, मग पुढे गेली. त्यांनी पुरचुंडी पदराच्या टोकाला बांधली आणि कमरेला खोचली.

सोबतीला आलेला मंगलचा चुलत दीर हनुमान पिशवी उचलून पुढे चालू लागला. सगळे रस्त्यावर आले. एसटी दुरून धुरळा उडवत येताना दिसली. मंगल सासूचा हात धरून उभी होती. चंद्रभागाबाई कमरेची गाठ चाचपत मोठ्याने म्हणाल्या, "माजं लेकरू लई हलकं झालं गं मंगल. पन आलं बग घरी. तू आनलंस म्हनून आलं."

मंगलने सासूच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ती हमसून हमसून रडली. चंद्रभागाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. कंडक्टरने दोनदा हाक मारली तेव्हा तिघं गाडीत चढली.

गाडी वळणाआड गेल्यावर वर्षाराणीने पर्स उघडून पाच तुकडे पुन्हा एकदा मोजले. मग हेल्मेट हातात घेऊन जरा घुटमळली.

"काका, आजींना शंका नाही ना आली?"

"न्हाई," बद्रीनाथ म्हणाले आणि गुडघा सांभाळत मागच्या सीटवर बसले. "तिला कुठं काय दिसतंय आता."